कार्पेटखालची ओल

तुम्ही गाडीचं विचारायला आलात आणि मी माहेरापासून सुरू करतेय, पण काय सांगू तुम्हाला, मला मधूनच सांगता येत नाही. माझं माहेर उरणकडचं. वडील मिठागरावर मुकादम होते आणि आमचं घर बांधापासून हाकेच्या अंतरावर. त्या घरात लोखंड टिकायचं नाही. खिडकीचे गज, दाराची कडी, शिलाई मशीनचा पाय, सगळ्याला पापुद्रे सुटायचे, आई तेलाचं फडकं फिरवून फिरवून थकायची. आणि वास. भरतीच्या पाण्याचा एक वास, ओहोटीच्या चिखलाचा दुसरा, आणि पाणी कुठे कोंडून राहिलं की तिसराच. मी लहानपणी अंगणात उभी राहून सांगायची, बाबा, आज त्या कोपऱ्यात पाणी अडलंय, आणि बाबा जाऊन बघायचे तर खरंच अडलेलं असायचं. ते म्हणायचे, पोरीला नाक आहे. एवढंच. पुढे आयुष्यात ह्या नाकाचं काही काम पडेल असं कोणाला वाटलं होतं?

मी डी.एड. केलं, पनवेलला शाळेत लागले, तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. लग्न होऊन पनवेलजवळच्या कोन गावात आले. हे आयटीआय झालेले, मुंबईला परदेशी गाड्यांच्या एका गॅरेजात कामाला. लोक म्हणायचे, मास्तरीण आणि मेकॅनिक, कसं जमायचं यांचं, पण जमलं. मी शाळेतलं बोलायची, हे गावचं बोलायचे, आमी, तुमी, नाय, हाय, आणि दोघांनी एकमेकांना कधी सुधारलं नाही. आम्हाला मूल नाही. मला पुस्तकांचा नाद, यांना गाड्यांचा, संध्याकाळी ओटीवर मी वाचत बसायची आणि हे कुठल्यातरी गाडीचा दिवा उघडून बसायचे, तास तास आम्ही बोलायचो नाही, आणि तरी जेवायला उठताना वाटायचं की पुष्कळ बोलून झालं.

मग गॅरेज बंद झालं. तोपर्यंत आमच्या बाजूला फार्महाऊस झाली होती, मुंबईच्या लोकांची, आणि त्या लोकांना उघड्या टपाच्या गाड्यांची हौस. टप म्हणजे वरचं छत, कापडाचं, बटण दाबलं की घडी होऊन मागे जाणारं. हौसेने घ्यायच्या, दोन हिवाळे फिरवायच्या, आणि मग मुलं परदेशी गेली की गाडी ताडपत्रीखाली. दहा दहा, बारा बारा वर्षं. उंदीर वायरी खातात, टायर जागच्या जागी बसतात, आणि मग एक दिवस कोणीतरी दलाल येऊन ती पुसूनबिसून विकायला काढतो. घेणारे कोण, तर आपलेच लोक. नवरदेवाच्या वरातीला भाड्याने द्यायला. आमच्या गावांतून हळदीला नि वरातीला किती थाट असतो तुम्हाला माहीत आहे, नवरदेव उघड्या गाडीतून आला पाहिजे म्हणजे आलाच पाहिजे. तर अशी गाडी घेण्याआधी यांना बोलवायचे. नानांना दाखवा, नाना बघतील. यांना सगळे नाना म्हणायचे. नाना हो म्हणाले तर घ्यायची, नाही म्हणाले तर हार परत पिशवीत.

आता तुम्ही विचारलंत ते सांगते. हे आधी गाडीपाशी जाऊन काही बघायचे नाहीत, बॉनेटवर नुसता हात ठेवायचे. गरम लागलं तर म्हणायचे, भाऊ, तुमी गाडी आदीच चालू करून ठेवलीय, आमी उद्या येतो, थंड असताना. कारण थंड गाडी चालू होताना जे सांगते ते गरम गाडी सांगत नाही. मग टप. एकदा नाही, तीनदा उघडायला लावायचे, तीनदा मिटायला. पहिल्यांदा सगळ्याच गाड्या नीट वागतात म्हणायचे, पाहुण्यांसमोरच्या पोरांसारख्या. दोन्ही बाजू एकदम उठतात का, मोटर मध्येच कण्हते का, मिटताना शेवटच्या चार बोटांना अडखळते का. मग डिकीतलं अस्तर बाजूला करून बोट फिरवायचे, टप उचलणाऱ्या नळ्यांतून तेल पाझरतं ते तिथे चिकट लागतं. मग काचेभोवतीचं, दाराभोवतीचं रबर, दाबून बघायचे, मऊ आहे की बिस्किटासारखं तुटतंय. मागची काच कापडापासून सुटत नाही ना. किल्ली फिरवली की डॅशबोर्डावरचे दिवे सगळे लागले पाहिजेत आणि मग सगळे विझले पाहिजेत, एखादा लागलाच नाही तर तो विझलेला नाही, कोणीतरी विझवलाय. मग स्वतः गाडी घेऊन स्पीड ब्रेकरवरून तिरकी न्यायचे आणि कान द्यायचे. ह्या गाड्यांना डोक्यावर पत्रा नसतो, सगळा जोर तळात, तळ गंजला किंवा अपघातात वाकला असेल तर दारं कुरकुरतात. मग गाडी उचलायला लावून खाली झोपायचे. कागद सगळ्यात शेवटी. म्हणायचे, कागद कोनीपन नीट ठेवतो.

आणि पाणी. हे मुख्य. टप जिथे घडी होऊन बसतो तिथे दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतात, बारीक, पावसाचं पाणी त्यातून नळीने चाकामागे खाली पडतं. त्यात पाला, माती बसली की पाणी बाहेर न जाता आत येतं, सीटच्या मागून, कार्पेटच्या खाली. वरून कार्पेट कोरडं, खाली जाड स्पंज असतो तो पाणी पिऊन बसलेला. आणि ह्या मोठ्या गाड्यांचं सगळं डोकं, वायरींचा डबा, कितीतरी गाड्यांत नेमका तिथेच, सीटखाली. हे बाटलीभर पाणी त्या भोकात ओतून बघायचे की चाकामागे पडतं का. पण विकणारा हुशार असला तर भोकं आदल्या दिवशी तारेने साफ करून घेतो, पाणी धो धो पडतं. आतली जुनी ओल मात्र त्याला काढता येत नाही. ती कळते फक्त वासाने. सीट पुढे सरकवून, खाली वाकून, कार्पेटची कड उचलून नाक लावायचं. दुसरा उपाय नाही.

करोनात आम्ही दोघं आजारी पडलो, दोघं उठलो. एक दिवस मी तव्यावर सुकट भाजत होते, शेजारची वहिनी तिकडून ओरडली, बाई, आज सुकट वाटतं, आणि हे तव्यापासून चार हातांवर बसलेले, मला विचारतात, काय शिजवतेस गो? मी यांच्याकडे बघितलं. त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं. आम्ही म्हटलं, गेलेला वास येईल परत, लोकांचा आला. यांचा आला नाही. कापूर, लसूण, रॉकेल, काय काय नाकाशी धरलं. काही नाही. मग महिनाभराने मला म्हणाले, मोटर कानाला कलते, गंज डोल्याला दिसतो, ओल काय करू? मग म्हणाले, तू चल ना माज्यासंगं. तुला काय करायचं नाय, मागं बसायचं.

असं आमचं सुरू झालं. मी तेव्हा निवृत्त झालेलेच होते. वाचनालयाचं पुस्तक हातात घ्यायचं आणि जायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बायको फिरायला आलीय. मी मागच्या सीटवर बसायची, रुमाल पाडायची, तो उचलायला वाकायची, कड उचलायची, हुंगायची, वर यायची. ओल असली की म्हणायचं, मला गाडी लागते हो. एवढीच खूण. मग हे आणखी थोडं इकडे तिकडे बघून म्हणायचे, राहू दे, नको. दलाल चिडायचे. एक तर म्हणाला, नाना, वहिनींना गाडी लागते म्हणून तुम्ही गाडी नाकारता काय? हे म्हणाले, लगीन केलंय, ऐकायला नको? परत येताना रिक्षात आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखं हसायचो. खोटं सांगत नाही, तीस वर्षांच्या संसारात मी यांच्या इतकी जवळ कधी नव्हते. ते विचारायचे, किती जुनी होती गो ओल? मी सांगायची, दोन पावसाळ्यांची. ते मान हलवायचे. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. पारखणाऱ्याचं नाक गेलंय हे एकदा पसरलं की त्याला कोण बोलावणार? आणि काम गेलं असतं तर ह्या माणसाचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. सकाळी फोन वाजला की यांचा चेहरा वेगळा व्हायचा. कुठं हाय गाडी, म्हणून विचारायचे, आणि शर्ट बदलायला उठायचे.

मग नितेशचा फोन आला. कामोठ्याचा. माझा चौथीचा विद्यार्थी. कंपनीची कॅब चालवायचा, ते सोडून वरातीची गाडी घ्यायची होती. पांढरी, उघड्या टपाची, पंधरा वर्षांची. दलालाने ती कामोठ्याला खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर आणून ठेवली होती, आणि आम्ही गेलो तर नितेश, त्याची आई, दोघे मित्र, सगळे उभे. आईच्या हातात ताट, हळदकुंकू, नारळ. मला बघून नितेश पायाच पडला. आई म्हणाली, बाई स्वतः आल्यात, आता काय बघायचं राहिलं. हे म्हणाले, थांबा वहिनी, नारल अजून नको.

यांनी सगळं बघितलं. बॉनेट थंड. टप तीनदा. तेल नाही, आवाज नाही, भोकांतून पाणी झरझर पडलं. मी मागे जाऊन बसले, पुस्तक मांडीवर. आणि नितेश दारात येऊन उभा राहिला, मित्रांना म्हणाला, बघ रे, आमच्या बाई. अजून तशाच ताठ बसतात. वर्गात कोणी वाकून बसला की पाठीवर फूटपट्टी यायची, आठवतंय बाई? पाठ ताठ, नजर वर. मित्र हसले, आई हसली, मीही हसले. आणि मी ताठ बसले.

रुमाल हातात होता. तो पाडायचा, वाकायचं, एवढंच. माझ्याच विद्यार्थ्यासमोर, त्याच्या आईसमोर, सीटच्या फटीत डोकं घालून कार्पेट हुंगायचं. मला ते झालं नाही. गाडीत दलालाने अत्तराची बाटली टांगली होती, त्या वासाच्या खाली काहीतरी होतं. अगदी थोडं. मी मनाशी म्हटलं, खाडीचा असेल, खाडी समोरच आहे. पण मला खाडीचा वास कळत नाही असं आहे का? मिठागरावर वाढलेल्या बाईला? यांनी पुढून आरशातून माझ्याकडे बघितलं. थांबले. मी पुस्तकाचं पान उलटलं. हे खाली उतरून म्हणाले, घे नितेश, कोरडी हाय.

नारळ फुटला. मला पेढा दिला, मी खाल्ला.

पावसाळाभर गाडी इमारतीच्या बाजूला फाटक्या कव्हराखाली उभी होती. गुलमोहराचा पाला पडत राहिला, भोकं परत बुजली, आणि आधीच ओल्या स्पंजात आणखी पाणी. तुळशीचं लग्न झाल्यावर नितेशला पहिली वरात मिळाली, आमच्याच कोनची. पुढे बँजो, मागे बायका, फुलांनी मढवलेली गाडी, त्यात नवरदेव उभा. देवळापाशी कोणीतरी म्हणालं, नवरदेव खाली बसू दे, टप मिटून परत उघडून दाखव, फोटो काढू. टप अर्धा उठला आणि अडकला. मग गाडी बंद पडली. मग हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. लोक आधी हसले, मग मोबाईल काढले, मग नवरदेवाचा मामा ओरडला, कोनी बघितली होती रे ही गाडी? नवरदेव शेवटी कोणाच्यातरी स्कूटरवर मागे बसून मांडवात गेला, मुंडावळ्या हाताने धरून. नितेश तिथेच स्टिअरिंगला धरून बसून राहिला. आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलेलं होतं. आम्ही तिथेच होतो.

हे पुढे झाले. दार उघडलं, पुढची सीट सरकवली, कार्पेटवर मूठ दाबली. बोटांच्या मधून पाणी वर आलं, काळं. यांनी कड धरून कार्पेट उचललं आणि, काय सांगू तुम्हाला, आजूबाजूच्या बायकांनी नाकाला पदर लावले, पोरं मागे सरली, इतका वास, आणि हे ते ओलं कार्पेट दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरून हुंगत होते. परत परत. चेहऱ्यावर काही नाही. सगळ्यांनी ते बघितलं. कोणीतरी म्हणालं, नाना, तुम्हाला येत नाय वास? हे उभे राहिले आणि म्हणाले, नाय. करोनापासून नाय. मी सांगितलं नाय कोनाला. नितेश, चूक माजी.

माझं नाव घेतलं नाही. मी किती लांब होते, तुम्ही बसलाय तेवढी. मी बोलले नाही.

घरी आल्यावर मी सांगितलं. सगळं सांगितलं, की मी वाकलेच नाही, की वास आला होता, की मला लाज वाटली. हे खाटेवर बसून ऐकत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, असूं दे गो. मी म्हटलं, असू दे नाही, ऐका, तुमची चूक नव्हती, माझी होती. तर माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं आणि म्हणाले, तू खोटं बोलू नको माज्यासाटी, तुला जमत नाय. तुला वास आला असता तर तू बोलली असतीस. पोराला एका गुणासाटी खोटं बोलला म्हनून तासभर उभा करनारी तू. मीच काहीतरी चुकलो. मूठ दाबायला पाहिजे होती. मूठ कशी नाय दाबली मी?

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. प्रत्येक वेळी ते आणखी मवाळ व्हायचे, माझा हात हातात घ्यायचे. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, मी सांगते तेव्हा यांना त्रासच होतो, बायकोला आपल्यासाठी खोटं बोलावं लागतंय ह्याचा. म्हणून मी सांगायची थांबले.

फोन बंद झाले. कोणी वाईट बोललं नाही, बोलावलं नाही एवढंच. हे सकाळी शर्ट बदलून ओटीवर बसायचे. कधी रस्त्याने एखादी गाडी गेली की मान वळायची आणि परत सरळ. हात नुसते मांडीवर. पुढच्या वर्षी थंडीत, दुपारी, बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

दिवसकार्य झाल्यावर मी कामोठ्याला गेले. नितेश परत कॅब चालवतो. गाडी भंगारात दिली म्हणाला. मी त्याला त्याच्या आईसमोर सांगितलं, बाळ, नानांनी फसवलं नाही तुला, मी फसवलं, मी वाकले नाही. आईने मला पाणी दिलं. नितेश खाली बघत होता, मग म्हणाला, बाई, नाना आमच्या मनात चांगलेच आहेत हो, तुम्ही त्यांच्यासाठी असं स्वतःवर घेऊ नका. दारापर्यंत सोडायला आला, रिक्षा बघून दिली, परत पाया पडला. मी काय करणार होते? तीस वर्षं मी ह्या मुलांना शिकवलं की बाई खोटं बोलत नाहीत. ते शिकले.

तर असं आहे. आता मी एकटी असते, पुस्तकं आणते, अर्धी वाचून परत करते. यांचा फोन मी चालू ठेवलाय. तुमच्यासारखं कोणी लांबचं, ज्याला काही माहीत नाही, महिन्यातून एखादं विचारतं, नाना आहेत का, एक उघड्या टपाची गाडी बघायची होती. मी त्यांना सांगते ते नाहीत, आणि मग जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगते, टपाचं, रबराचं, भोकांचं. सीट सरकवा, मूठ दाबा, नाक लावा, कोण बघतंय ते बघू नका. लोक म्हणतात, मावशी, तुम्हाला बरंच कळतं की. मी म्हणते, ऐकून ऐकून.

तुम्ही हे लिहून घेताय, कुठे छापलंत तर एक करा. माझ्या चुकीचं जसं सांगितलं तसंच ठेवा, सारवासारव करू नका. वाचणारे म्हणतील, बाई नवऱ्याला सांभाळून घेतेय. तुम्हालाही आत्ता तेच वाटतंय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. असू दे. चहा घ्या, निवतोय. आणि जायचं तर आत्ताच निघा, अंधारात गाडी बघू नये. तुम्हाला चांगली मिळो.